तीनशे सहा पायऱ्या

कॅरम बोर्डवर आमची नवी इमारत उभी होती. पांढऱ्या फोमची, एकवीस मजल्यांची, आत बारीक पिवळे दिवे. अन्वी माझ्या कडेवरून पुढे झुकून दोन्ही हात तिच्याकडे नेत होती.

"धरा हो तिला," कर्णिक काका म्हणाले. "भूमिपूजनाआधीच पाडायची नाहीतर."

सगळे हसले. कर्णिक काका आमच्या सुयोग सोसायटीचे चेअरमन, बँकेतून निवृत्त झालेले. चार मजल्यांची, चोवीस घरांची, लिफ्ट नसलेली जुनी इमारत पाडून तिथे टॉवर बांधायचा, हा त्यांचा सहा वर्षांचा ध्यास. त्या शनिवारी संध्याकाळी आर्किटेक्ट नकाशे घेऊन आले होते. अनीश पटवर्धन नाव. वय पस्तीसच्या आसपास, बोलणं मऊ. पुढच्या रविवारी मतदान होतं.

"अजून दोन मजले नाही का चढवता येणार?" कुणीतरी विचारलं.

"एकवीस कशाला, सोळाच करा," दुसरं कुणीतरी म्हणालं. "नाशिकला नाशिक राहू द्या."

"सोळा केले की तुझ्या घराचे ऐंशी फूट कमी होतात. देतोस?"

तासभर हेच चाललं होतं. उंच हवा, ठेंगणा हवा, बाहेरून काच हवी, काच नको. मी मागे उभी राहून एकच हिशोब करत होते. आम्हाला सतरावा मजला मिळणार होता. सतरा गुणिले अठरा. तीनशे सहा.

मी पायऱ्या मोजते. त्या मीटिंगच्या चार महिने आधी अन्वीला तापात झटका आला होता. डोळे वर गेलेले, ओठ निळे. माझा नवरा हर्षद कंपनीत, सातपूरला. मी तिला उचलून तिसऱ्या मजल्यावरून चोपन्न पायऱ्या उतरले त्या कशा, हे मला आजही आठवत नाही. खाली रिक्षा उभी होती, डॉक्टर तीन मिनिटांवर. ते म्हणाले, लहान मुलांना होतं असं, घाबरू नका. घाबरू नका म्हणणं सोपं असतं. तेव्हापासून मी कुठेही गेले, मॉल असो की लग्नाचा हॉल, आधी जिना शोधायची आणि पायऱ्या मोजायची.

मी हात वर केला. "लिफ्ट बंद असेल तर सतराव्या मजल्यावरून आजारी माणूस खाली कसा आणायचा?"

पटवर्धन हसले. वाईट नाही, समजुतीचं हसले. "ताई, तीन लिफ्ट आहेत. जनरेटर आहे. आणि जिना नियमात आहे, चांगला पाच फुटी. कागदावर बघून अंदाज येत नाही, म्हणून भीती वाटते."

"अगं, चौथ्या मजल्यावरून रोज उतरते मी, या गुडघ्यांनी," बोरसे मावशी वळून म्हणाल्या. "मला लिफ्टमधी बसायचंय मरायच्या आत. तू नको खोडा घालू, माझी बाय."

पुन्हा सगळे हसले. हर्षदसुद्धा. घरी आल्यावर तो म्हणाला, "सारिका, प्रत्येक गोष्टीत आधी वाईटच का दिसतं तुला?"

मी अन्वीला झोपवायला आत नेलं. नकाशाची घडी मात्र घेऊन आले होते.

शुक्रवारी नाना आले. माझे वडील. सिन्नरहून एसटीनं, पिशवीत शेवग्याच्या शेंगा आणि अन्वीसाठी राजगिऱ्याचे लाडू. नाना आमच्याकडे येताना नेहमी पांढरा स्वच्छ पायजमा आणि इस्त्रीचा शर्ट घालायचे. तो पोशाख माझ्यासाठी होता, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. लग्नानंतर सोसायटीत कुणी विचारलं की मी सांगायची, "वडील कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये आहेत." खोटं नव्हतं ते. पहिल्या वर्षी नाना आले, तेव्हा खालच्या भिंतीची भेग बघून त्यांनी ती नखानं खरवडायला सुरुवात केली. समोरून कर्णिक काका येत होते. मी म्हणाले, "नाना, राहू द्या ना ते." त्यांनी हात मागे घेतला. नंतर कधीच आमच्या इमारतीच्या कुठल्या भिंतीला हात लावला नाही.

संध्याकाळी अन्वी झोपली. मी नकाशा जमिनीवर पसरला. "नाना, यातलं कळतं का तुम्हाला काही?"

"विंग्रजी नाय कळत. रेघा कळत्यात." ते उकिडवे बसले, चष्मा कपाळावर चढवून. "आकडे वाच."

मी आकडे वाचले. मिलिमीटरमधले. नाना तोंडातल्या तोंडात फूट-इंच करत गेले. चौथी शिकलेला माणूस, माझ्या बी.कॉम.च्या कॅल्क्युलेटरच्या आधी त्यांचं उत्तर यायचं. मग त्यांचं बोट जिन्याच्या टप्प्यावर थांबलं. दोन चढांच्या मधे, जिथे वळायचं असतं, तिथे.

"ह्यो पाव गोल काय?"

"दरवाजा असेल. हो, इथे लिहिलंय. आगीचा दरवाजा."

"दार उघडलं का इथवर येतंय." त्यांनी नखानं कमान काढली. "आन् ह्यो कोपऱ्यातला चौकोन?"

"पाइपांसाठी. आग विझवायच्या पाण्याचे."

"मंग जागा उरली किती?"

मी वजाबाकी केली. पुन्हा केली.

"जिना पाच फुटी हाये," नाना म्हणाले. "साहेब खरं बोलला. पर वळणावर पाच फूट नाय. माणूस चालत उतरंल. निजलेला माणूस वळायचा नाय तिथून."

मला चक्क आनंद झाला. माझी भीती नुसती भीती नव्हती. तिला माप होतं.

"मी परवा हे सांगते मीटिंगमध्ये."

"काय सांगशील?"

"हेच. आकडे."

"कागदावर सांगून कव्हा कुणाला पटलंय?" नाना उठले, गुडघ्यावर हात देऊन. "जमिनीवर आखू."

घर बांधायच्या आधी पाया कुठे खणायचा ते पांढऱ्या भुकटीनं जमिनीवर आखतात. तिला फक्की म्हणतात. नानांनी चाळीस वर्षं तेच केलं होतं. गवंडीकामाला सुरुवात करून पुढे मुकादम झाले, तरी आखणी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर साइटवर जायची. दोरीचं एक टोक त्यांच्याकडे, दुसरं माझ्या बोटाला गुंडाळलेलं. "ताण, सारके. ढिली सोडू नको." बोटावर लाल वळ उठायचा. सोमवारी वर्गात तो दिसू नये म्हणून मी मूठ मिटून बसायची.

"इथे? पार्किंगमध्ये?" मी म्हणाले. "नको नाना. लोक काय म्हणतील?"

"तुला लोकांची भीती हाये का पोरीची?"

मी नकाशाची घडी घालायला लागले.

"मी कोण ते सांगू नको," नाना शांतपणे म्हणाले. शेंगा पिशवीतून काढून ते ओट्यावर ठेवत होते. "कोणी विचारलं तर म्हण, मजूर बोलवला व्हता."

हर्षद दारात उभा होता. त्यानं ऐकलं. शनिवारी रात्री त्यानंच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: उद्या सकाळी साफसफाईसाठी पार्किंग रिकामं ठेवावं. आणि फक्कीचं पोतंही त्यानंच स्कूटरवरून आणून जिन्याखाली लपवून ठेवलं होतं.

रविवारी उजाडताच आम्ही खाली होतो. नानांनी शर्ट काढून कपड्यांच्या दोरीवर टाकला, बंडीवर आले. फरशीवर खिळे ठोकता येणार नव्हते, म्हणून दोरी विटांखाली दाबली. एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार, आणि तिरकस पाच भरले की कोपरा काटकोनात. हे मी नववीत शिकले तेव्हा घरी येऊन सांगितलं होतं. नाना म्हणाले होते, "मास्तरांना कसं माहीत?"

भोकं पाडलेल्या डब्यातून फक्की पडत गेली. सगळा मजला मावणार नव्हता. तीन लिफ्ट, समोरचा पॅसेज, जिना, जिन्याचं वळण, आणि कडेला एका घराचं स्वयंपाकघर. जिन्याचं नानांनी दोनदा मोजलं.

साडेआठला पहिल्या कर्णिक काकू उतरल्या. फरशीभर पांढरं बघून नाकाला पदर लावला. "अगंबाई, डासांची पावडर मारून गेले वाटतं!"

"काकू, तुम्ही आत्ता लिफ्टमध्ये उभ्या आहात," हर्षद म्हणाला.

त्या खाली बघत राहिल्या. मग एक पाऊल मागे घेतलं. मग पुन्हा पुढे. "एवढीशी?"

दहा वाजेपर्यंत सगळी सोसायटी खाली होती. कुणी पॅसेजमधून चालत होतं, कुणी "भिंतीला लागलात, भिंतीला!" म्हणून ओरडत होतं. बोरसे मावशी आखलेल्या स्वयंपाकघरात उभ्या राहून हात पसरून बघत होत्या, ओटा कुठे, फ्रिज कुठे. मग वर जाऊन त्या कुंकवाची कोयरी घेऊन आल्या आणि फक्कीच्या उंबऱ्यावर हळद-कुंकू वाहिलं. "असू दे," म्हणाल्या. "पहिल्यांदा घरात पाय ठेवला ना."

पटवर्धन आले ते हे बघून थबकले. कर्णिक काका रागानं लाल झाले होते. "हा काय पोरखेळ आहे? आज मतदान आहे!"

"काका, दहा मिनिटं द्या," मी म्हणाले. अन्वी कडेवर होती, तिला मी घट्ट धरलं होतं. "मागच्या शनिवारी मी विचारलं होतं, आजारी माणूस खाली कसा आणायचा. तेवढंच करून बघू. हा जिना आहे. हे वळण. इथे दरवाजा उघडतो." हर्षदनं कॅरम बोर्ड आणून उभा धरला. तोच आमचा आगीचा दरवाजा. कोपऱ्यात पाइपांच्या जागी दोन ड्रम ठेवले होते. "आणि ही फोल्डिंगची खाट, स्ट्रेचर. झोपणार कोण?"

कुणी पुढे येईना. जिवंतपणी असं निजून जायचं म्हणजे अपशकुनच.

"सरका," बोरसे मावशी म्हणाल्या. "मी झोपते. माझं वजन निघालं की बाकी कुणाची चिंताच नको." आणि खरंच पदर खोचून आडव्या झाल्या. चौघांनी खाट उचलली.

"हळू रे! पेशंट जिवंत हाये अजून!"

हशा पिकला. खाट चढाच्या पट्ट्यातून नीट आली. वळणावर पुढचे दोघं फिरले. मागच्यांची पाठ ड्रमला लागली.

"जरा डावीकडे."

"डावीकडे दार आहे."

"दार लावा मग."

"वरून धूर येतोय, प्रत्येक मजल्यावरून माणसं येतायत," हर्षद म्हणाला. "दार उघडंच राहणार."

त्यांनी खाट तिरकी केली. मावशींनी दोन्ही कडा पकडल्या. आता त्या हसत नव्हत्या. "अरे, पडंन मी," म्हणाल्या, वेगळ्याच आवाजात. खाट अडकली होती. पुढे जाईना, मागे येईना. चौघं घामाघूम होऊन उभे, आणि भोवती चोवीस घरांची माणसं. अन्वी तेवढी "मावशी, मावशी" करत होती.

"खाली ठेवा," पटवर्धन म्हणाले.

त्यांनी बॅगेतून मोजायची स्टीलची टेप काढली. "तुमचा जिना अंदाजे आखलेला असेल. फूटभर इकडेतिकडे झालं तर—" ते बोलता बोलता मोजायला लागले. एक भिंत. दुसरी. वळण. कोपरा. नकाशा उघडून बघितला, परत मोजलं. मग टेप गुंडाळली.

"कुठेही अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक नाही," ते हळूच म्हणाले. "कोपरेही काटकोनात आहेत." त्यांनी मान वर केली. "कुणी आखलं हे?"

नाना लांब नळाशी हात धूत होते. कोपरापर्यंत पांढरे झालेले हात, बंडीवर फक्की. त्यांनी मान वळवली नाही. त्यांचा शर्ट दोरीवर लटकत होता. पाण्याची धार तेवढी बारीक केली. ऐकू यावं म्हणून, की ऐकू येऊ नये म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

नानांनी पढवलेलं उत्तर माझ्याकडे तयार होतं.

"माझ्या वडिलांनी," मी म्हणाले. पहिल्यांदा आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. "माझ्या वडिलांनी आखलंय. रामकिसन घुले. सिन्नरचे. गवंडी आहेत ते."

नाना नळ बंद करायला विसरले.

पटवर्धन फक्कीच्या रेघा ओलांडून गेले नाहीत. पॅसेजमधून, दारातून, भिंत न तुडवता फिरून नळापाशी गेले. "काका, तुमच्या लक्षात कसं आलं?"

"तुमचं चुकलं नाय काय, साहेब," नाना पायजम्याला हात पुसत म्हणाले. "जिना नियमात हाये. दार नियमात. पाइप बी नियमात. तिन्ही येकाच जाग्यावर आले, येवढंच."

"तुमचं काय मत? इमारत ठेंगणी करावी?"

"उंचीचं मला काय नाय. पन्नास मजले बांधा. उतरता आलं पायजे."

मग खरं भांडण सुरू झालं. पाइपांची जागा बाहेरच्या भिंतीत सरकवता येत होती, दार आतल्या कोनाड्यात घेता येत होतं, पण वळण दीड फुटानं वाढवायचं तर प्रत्येक घराची धुण्याची बाल्कनी चौदा चौरस फुटांनी कमी होत होती. कर्णिक काका म्हणाले, ते वर दोन मजले चढवून भरून काढू. पटवर्धननी मान हलवली. म्हणाले, पायाचं गणित एकवीसचं आहे, तेवीसला मी सही करणार नाही.

"चौदा फूट!" मागून एक जण ओरडला. "आजचा भाव माहिती आहे का?"

"तुझा भाव ठेव तुझ्यापाशी," बोरसे मावशी खाटेवरच बसल्या होत्या, केस विस्कटलेले. "मी निजले होते तिथं, तू नाही. माझे चौदा फूट घ्या लिहून. कपडे मी घरात वाळत घालीन." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं. बाप एवढा कारागीर, अन् तीन वर्षं आम्हाला सांगितलं नाहीस? माझ्या न्हाणीची फरशी कोण बघून गेलं असतं!"

वळण वाढवलेल्या नकाशावर हात वर करून मतदान झालं. कर्णिक काकांनी मोजलं. सतरा. त्यांनी स्वतःचा हात शेवटपर्यंत वर केला नव्हता. काकूंनी तो धरून वर केला. अठरा.

दुपारी सगळे पांगल्यावर मी झाडू घेऊन खाली गेले. नाना तिथेच होते, विटा रचत. "राहू दे," म्हणाले. "पोरं खेळतायत."

अन्वी मावशींच्या स्वयंपाकघरात बसून फक्कीत बोटं बुडवत होती.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. आम्ही सतराव्या मजल्यावर राहतो. जिन्याच्या प्रत्येक वळणावर रुंद जागा आहे आणि एक खिडकी. संध्याकाळी पोरं तिथे पत्ते खेळतात. सहाव्या मजल्याच्या वळणावर बोरसे मावशींनी खुर्ची ठेवली आहे. लिफ्ट त्यांना आवडत नाही. कान बंद होतात म्हणे. मी अजूनही घाबरते. महिन्यातून एकदा अन्वीला घेऊन सगळ्या पायऱ्या उतरते. पूर्वी ती कंटाळायची, आता ती माझी चूक काढते. "आई, दोनशे बारा झाल्या, तू अकराच म्हणालीस."

पण मला सांगायचा आहे तो मतदानाचा दिवस नाही. त्यानंतर सव्वा वर्षानं जुनी इमारत पाडली, जमीन सपाट झाली आणि आखणीचा दिवस ठरला. पटवर्धननी स्वतः नानांना फोन केला होता. नाना आले. पायजमा तोच, पण शर्ट कामाचा, कोपराला ठिगळ लावलेला. इंजिनिअरांनी तिपाईवरच्या यंत्रानं खुणा आधीच देऊन ठेवल्या होत्या.

"पहिली रेघ तुम्ही टाका, काका," पटवर्धन म्हणाले.

नानांनी यंत्राकडे बघितलं. मग पिशवीतून आपली जुनी दोरी काढली आणि सगळ्यांना थांबवून कोपरा तपासला. तीन, चार, पाच. तरुण इंजिनिअर घड्याळ बघत उभे होते.

"बरोबर हाये तुमचं मशीन," नानांनी निकाल दिला.

मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. दहा-बारा माणसं हात पुढे करून उभी होती. कर्णिक काकाही.

"सारके," त्यांनी हाक मारली. सगळ्यांसमोर, साइटवर मारायचे तशी. "ये. टोक धर."

मी अन्वीला हर्षदकडे दिलं, चपला काढल्या आणि मातीत उतरले. दोरी बोटाला तीन वेढे गुंडाळली.

"ताण. ढिली सोडू नको."

"नाही सोडत, नाना."

रेघ सरळ पडली. बोटावरचा लाल वळ रात्रीपर्यंत गेला नव्हता. त्याच रात्री एका लग्नाला गेलो होतो. तिथे मी ताट त्याच हातात धरलं होतं.